संत्र्याचा चंद्र

सौंसरात कोणाच्याही घरी बसायला गेलात, तर पाण्याचा गिलास हातात येईपर्यंत भिंतीकडे बघून घ्या. जामसांवलीच्या मारुतीचा फोटो असेल, एखादं जुनं कॅलेंडर असेल आणि त्यांच्या शेजारी त्या घरातलं लेकरू अंतराळात तरंगत असेल. अंगात पांढरा पोशाख, डोक्यावर चंदेरी कागदाचा टोप, भोवती चांदण्या आणि कोपऱ्यात हा एवढा मोठा चंद्र. ती लेकरं आता सायकली हाणत गावभर फिरतात, पण भिंतीवर अजून तशीच अधांतरी आहेत.

त्यातला पोशाख मी शिवलेला आहे. चंद्र म्हणजे मोहगावच्या बगीच्यातलं संत्रं आहे. आणि त्या प्रत्येक फोटोत एक बाई आहे, जी कोणालाच दिसत नाही. तिचं नाव प्रेमलता. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

मी जयवंता. घरी ब्लाउज शिवते. माझं तोंड तिखट आहे असं मोहल्ल्यात म्हणतात. म्हणोत. शालिकरामचा फोटो स्टुडिओ आणि माझं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळे तिकडचं भांडण, हसणं, खोकला, सगळं माझ्या मशीनपर्यंत ऐकू यायचं.

शालिकराम मूळचा मोहगावचा. थोरला भाऊ भाऊराव शेती आणि संत्र्याची झाडं सांभाळून राहिला. याचं मन काही मातीत रमलं नाही. नागपूरला एका स्टुडिओत राहून हा काम शिकला आणि सौंसरात बसस्टँडच्या रस्त्यावर दुकान टाकलं. कॅमेऱ्याचं बटण कोणीही दाबेल, याची खरी करामत निगेटिव्हवर होती. टोकदार पेन्सिल, बारीक ब्रश आणि ब्लेड घेऊन खिडकीशी बसला की माणसाच्या तोंडावरचे तीळ, डाग, सुरकुत्या सगळं गायब. माझ्या नणंदेचं लग्न जमत नव्हतं. यानं तिचा फोटो असा काही तयार करून दिला की मुलाकडचे धावत आले. तिला प्रत्यक्ष पाहिल्यावर तसेच धावत परत गेले, ही गोष्ट वेगळी.

गावात कोणी गेलं की तेरवीच्या फोटोसाठीही लोक त्याच्याकडेच यायचे. एखाद्या म्हातारीचा तिच्या नावाचा एकही फोटो नसायचा. मग कोणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून हा तिचं तोंड उचलायचा, मोठं करायचा, नीटनेटकं करून द्यायचा. घरचे म्हणायचे, "शालिकभाऊ, बुढी अशी देखणी जिंदगीत दिसली नव्हती." त्याला ते ऐकून बरं वाटायचं. कारागीर माणूस, वाटणारच.

प्रेमलता पांढुर्ण्याची. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या. त्यातून जीव वाचला, पण दोन्ही गाल, नाक, हनुवटी, सगळीकडे वण राहून गेले. तिला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण ती तोंड लपवणारी नव्हती. हसताना मान मागे टाकून हसायची. बाजारात भाव करताना समोरच्याच्या डोळ्यात बघून करायची.

लग्न होऊन ती सौंसरला आली, तेव्हा शालिकरामनं तिला स्टुडिओत बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या लांब नळीचा रबरी फुगा पायाखाली दाबून जोडीचा फोटो काढला. मग कितीतरी दिवस तो त्या एका निगेटिव्हवर पेन्सिल चालवत होता. एकेक वण भरला. गाल कसे लोण्यासारखे झाले. फ्रेम करून त्यानं फोटो तिच्यापुढे धरला. त्याला वाटलं, बायको खूश होईल.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कोण हाय ही?"

"तूच होय न!"

"मी नाही बाप्पा. ही लय देखणी हाय. हिलेच आणलं असतं घरात."

ती हे हसत हसत म्हणाली, असं शालिकराम सांगायचा. मला सांगताना ती हसली नव्हती.

तो फोटो तिनं ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी घालून ठेवला आणि त्यानंतर कॅमेऱ्यापुढे कधी बसली नाही. दिराच्या घरच्या लग्नात ग्रुपमध्ये उभी राहिली, तर पदर हनुवटीपर्यंत ओढून. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "मी कॅमेऱ्याच्या मागंच बरी." लग्नाच्या त्या फोटोची निगेटिव्ह पुढे जुन्या फिल्मांच्या ढिगात गेली. नागपूरहून एक माणूस यायचा, जुन्या फिल्मा गोळा करून न्यायचा आणि जाळून त्यातली चांदी काढायचा. त्या वेळी त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या चैत्रात आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. गावात टीव्ही असलेली घरं थोडी, त्यांच्या ओसरीवर ही गर्दी. ज्यांना आत शिरायला मिळालं नाही त्यांनी रेडिओवर ऐकलं, आणि ऐकणाऱ्यांनीच जास्त रंगवून सांगितलं. शालिकरामची पोरगी प्रतिभा तेव्हा सहा वर्षांची. तिनं बापामागे धोशा लावला, "बाबा, मलेबी वरतं जायचं हाय. माह्या फोटो काढा न वरतं." बापानं मनावर घेतलं.

आधी त्यानं काळी मखमल टांगून पोरीला काळ्या स्टुलावर बसवलं. फोटोत ती कीर्तनाला बसल्यासारखी दिसली. मग छताच्या कडीला दोर बांधून कंबरेतून लटकवली. पोरगी अशी रडली की मी मशीन सोडून धावत गेले. जिनिंगमध्ये कापसाचा बोजा वर चढवतात तशी ती गरगर फिरत होती आणि हा खाली हातवारे करून तिला हसायला सांगत होता. मी त्याला चांगलं झापलं.

प्रेमलतेनं पोरीला सोडवून कडेवर घेतलं आणि म्हणाली, "दोर कायले पाह्यजे? मी धरतो न तिले. मले काळ्या कपड्यात गुंडाळा, काळ्या पडद्यापुढं मी दिसणारच नाही."

शालिकरामनं काळ्या पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "हात दिसतीन."

"हातमोजे शिवन जयवंता."

मी दोन पोशाख शिवले. एक पोरीचा, पांढरा. दुसरा प्रेमलतेचा, जराही चमक नसलेल्या काळ्या कापडाचा, डोक्यापासून पायापर्यंत, बोटांसकट. तोंडापुढे काळा जाळीचा पडदा, बघण्यापुरता. तो घालून ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी म्हटलं, "अवं, भुतावाणी दिसतं तू."

"दिसतो कुठं? दिसायचंच नाही हाय न," आतून आवाज आला आणि ती खूप हसली.

चंद्राचं घोडं मात्र अडलं होतं. शालिकरामनं पुठ्ठा गोल कापून पाहिला, तो भाकरीसारखा दिसत होता. भाऊरावांनी मोहगावहून मृगबहाराची शेवटची संत्री पाठवली होती. प्रेमलता एक सोलायला घेणार, तेवढ्यात तिनं ते दिव्याजवळ धरलं आणि फिरवून पाहिलं. "हे पाहा न," ती म्हणाली. "एका अंगानं उजेड पाडा याच्यावर. रंग तर येणारच नाही तुमच्या फोटोत."

खरंच सांगते, काळ्यापांढऱ्या फोटोत संत्र्याची साल पाहिलीत तर तुम्हीही फसाल. एका बाजूनं उजेड पडला की सालीवरचा एकेक खड्डा उठून दिसतो. शालिकरामनं एकाच फिल्मवर दोनदा फोटो घेतला, आधी मखमलीपुढे तरंगणारी प्रतिभा, मग कोपऱ्यात काळ्या कापडावर ठेवलेलं संत्रं. चांदण्यांची गंमत त्यानं मला निगेटिव्ह खिडकीशी धरून समजावली. तिथे सगळा उलटा कारभार. निगेटिव्हवर ब्रशनं काळा ठिपका दिला की फोटोत पांढरी चांदणी उगवते, आणि ब्लेडनं खरडलं की तिथे मिट्ट काळोख होतो. त्यानं तासन्‌तास बसून ठिपके दिले.

फोटो धुऊन आला तेव्हा आम्ही सगळे दारात उभे राहून पाहत होतो. पोरगी हात पसरून आकाशात होती. तिच्या खाली कोणी नव्हतं. शालिकराम मला बोट लावून दाखवायला लागला, "पाहा जयवंताबाई, चंद्राचा एकेक खड्डा आला. एकबी पुसला नाही मी."

प्रेमलता पदरानं तोंडावरचा घाम टिपत होती. म्हणाली, "चंद्राचे खड्डे ठेवले. मग माह्येच काहून पुसले होते?"

शालिकराम हसला. त्याला ती गंमत वाटली. प्रेमलता हसली नाही, आत जाऊन चहा टाकायला लागली.

त्याच आठवड्यात हनुमान जयंती आली. जामसांवलीला जाणारी माणसं बसस्टँडवर उतरली की समोर पाटी, "आपल्या लेकराचा अंतराळात फोटो". पांढुर्ण्याहून, मोहगावहून, खेड्याखेड्यांतून लोक लेकरांना घेऊन यायला लागले. मारुतीचं दर्शन आणि शालिकरामचा फोटो, अशी जोडच पडली. लेकरू आत गेलं की काळं भूत पाहून भोकाड पसरायचं. मग पडद्यामागून प्रेमलता काहीतरी गुणगुणायची, लेकरू गप्प व्हायचं आणि तिच्या तळहातांवर पोट टेकून वर जायचं. ती डोक्याच्या वर हात लांब करून त्याला धरायची. किराणा दुकानदाराचा एक पोरगा होता, कणकेच्या पोत्यासारखा. त्यालाही तिनं उचललं.

वर टिनाचं छप्पर, समोर मोठमोठे दिवे आणि अंगावर तो काळा पोशाख. फोटो झाला की ती माझ्याकडे यायची, तोंडावरचा पडदा वर टाकून उंबऱ्यात बसायची आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायची. पहिल्या वर्षी पाणी पिऊन झालं की गप्पा मारायची. पुढच्या वर्षी पाणी पिऊन झालं तरी तिचा श्वास जागेवर यायचा नाही. "नागपूरले दाखवून ये," मी म्हणायची. "गर्दी सरू दे," ती म्हणायची. गर्दी काही सरत नव्हती.

फोटो हलायला लागले. लेकरांच्या कडा पुसट यायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "हात काहून हालून राहिले तुह्ये? फिल्म वाया जाऊन राहिली." आणि तिचं बारीक आवाजातलं, "बरं, घट्ट धरतो." कधी हातमोजा उसवायचा आणि बोट दिसायचं. कधी लेकरानं लाथ मारली की पडदा सरकून तिचं तोंड उघडं पडायचं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. तो ब्लेड घेऊन बसायचा आणि मग कौतुकानं दाखवायचा, "पाहा, इथं हिचं अर्धं तोंड आलं होतं. आता सांगा पाहू कुठं हाय ते." कुठेच नसायचं. काम चोखच होतं त्याचं.

एके दिवशी ती उंबऱ्यात बसलेली असताना मला तिचे ओठ निळसर दिसले. मी तशीच उठले आणि शालिकरामला गाठलं. "शालिकभाऊ, बाईच्या ओठांवर निळं येऊन राहिलं. डोळे उघडे ठेवून पाहा जरा."

तो निगेटिव्हवरून मान वर न करता म्हणाला, "काळ्या कपड्याचा रंग सुटत असन, जयवंताबाई. घामानं सुटते."

मीच तो कपडा आणला होता, मीच शिवला होता. त्याचा रंग सुटत नव्हता. मी तसं सांगितलंही. पण प्रेमलताच मागून म्हणाली, "रंगच असन व." आणि पदरानं ओठ पुसले. जिला स्वतःलाच दिसायचं नव्हतं, तिला कोण दाखवणार?

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती. एका पांढुर्ण्याच्या कुटुंबातलं लेकरू वर होतं. शालिकराम कॅमेऱ्यामागे डोक्यावर कापड घेऊन उभा. काचेत त्याला एवढंच दिसलं की लेकरू हळूहळू खाली येतंय. तो ओरडला, "वर! वर धर न!" ते मलाही इकडे ऐकू आलं. लेकरू अगदी सावकाश जमिनीवर टेकलं, पायांवर उभं राहिलं. त्यानंतर काळा कपडा पडल्याचा आवाज झाला. तिनं आधी लेकरू खाली ठेवलं, मग पडली.

नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या झडपेचा आजार जुना आहे, कदाचित लहानपणापासूनचा. हिनं एवढ्यात काही जड उचललं नाही ना? असं त्यांनी शालिकरामला विचारलं. चार-सहा दिवस तिनं काढले. तिथेच गेली.

आता तेरवीचा फोटो हवा. गावातल्या मेलेल्या माणसांची तोंडं ज्यानं शोधून काढली, त्याच्याच घरी त्याच्या बायकोचं तोंड सापडेना. शेवटी त्यानं ट्रंकेच्या तळातून लग्नाचा फोटो काढला, त्यातली तेवढी प्रेमलता मोठी केली, फ्रेम केली आणि पाटावर ठेवली. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते.

प्रतिभा येऊन फोटोसमोर उभी राहिली. "कोण हाय ही?"

माझ्या हातातलं सूप थांबलं. आईचेच शब्द, आईचाच सूर.

"आई हाय बेटा. लग्नातली," शालिकराम म्हणाला.

"ही आई नाही. आईचं तोंड असं नाही होतं." तिनं फ्रेम उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, डोळे मिटले का मले आई दिसते. पण आज सकाळी थोडी कमी दिसली. मले आईचा खरा फोटो द्या न."

शालिकराम उठून डार्करूममध्ये गेला आणि दार लावून घेतलं. जेवायला बाहेर यायचा, दोन घास खायचा, पुन्हा आत. लग्नाची निगेटिव्ह असती तर वरची पेन्सिल पुसून खरं तोंड मिळालं असतं, पण ती चांदीसाठी केव्हाच जळून गेली होती. मग दोन वर्षांत काढलेल्या लेकरांच्या सगळ्या निगेटिव्ह त्यानं बाहेर काढल्या. या सगळ्यांत ती होती, हे तर खरं होतं. कमी उजेड देऊन पाहिला, जास्त देऊन पाहिला, कागद बदलून पाहिले. लेकरांचे चेहरे जळून काळे झाले, पांढरेफटक झाले, पण त्यांच्या खालून काही निघालं नाही. काळ्यावर काळं. फिल्मवर काही उमटलंच नव्हतं. जिथे उमटलं होतं तिथे ब्लेड फिरलेलं होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी त्यानं मला हाक मारली. खिडकीशी बसला होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. एक निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाला, "हे पाहा. मोहगावच्या पोट्ट्यानं लाथ मारली होती, पडदा सरकला होता. पूर्ण तोंड आलं होतं हिचं. सगळं. हसून राहिली होती. मीच खरडलं. किती मेहनत घेऊन खरडलं, जयवंताबाई."

मी पाहिलं. लेकराच्या पायाखाली फिल्म स्वच्छ होती, धुतलेल्या काचेसारखी. माझा संताप झाला. मी म्हटलं, "लोकायचे डाग पुसता पुसता तुम्ही बाईच पुसून टाकली, शालिकभाऊ." बोलले ते बोलले. खोटं नव्हतं.

त्यानं मान हलवली. मग भिंतीकडे वळवलेली ती फ्रेम आणली, फोटो बाहेर काढला, शाई पातळ केली आणि चांदण्यांचे ठिपके द्यायचा तोच ब्रश घेतला. माझ्या लक्षात आलं तो काय करणार ते. त्याला तिचे वण परत काढायचे होते.

ब्रश फोटोपर्यंत गेला आणि थांबला. "नाकाजवळ एक मोठा होता न? डाव्या अंगानं? का उजव्या?" त्यानं मला विचारलं. मीही आठवायला लागले. रोज उंबऱ्यात बसलेली बाई. मला तिचं हसणं आठवत होतं, तांब्या धरायची पद्धत आठवत होती, आणि नेमका कोणता वण कुठे ते सांगता येत नव्हतं.

"एकेक मीच भरला होता पेन्सिलीनं," तो म्हणाला. "मग मलेच काहून आठवत नाही?" आणि त्याचा हात थरथरायला लागला. तिचे हात हलायचे, तेव्हा तो तिच्यावर ओरडायचा.

प्रतिभा दारात उभी होती. ती आत आली. म्हणाली, "मले मालूम हाय."

"तुले कसं मालूम?"

"झोपतानी मी आईच्या गालावर बोट फिरवत होती न. रोज." ती बापाच्या मांडीला टेकून उभी राहिली, डोळे घट्ट मिटले आणि त्याच्या वाढलेल्या दाढीवर बोट ठेवलं. "टोचते," म्हणाली. मग बोट सरकवत गेली. "इथं मोठा. इथं दोन जोडून. मग काहीच नाही, मग हा लहानसा." जिथे बोट थांबे, तिथे शालिकराम फोटोत एक वण काढायचा. वण नुसता काळा ठिपका देऊन होत नाही. एका अंगाला सावली, दुसऱ्या अंगाला उजेड सोडावा लागतो. ते त्याला संत्र्यानं शिकवलं होतं. मधेच पोरगी डोळे उघडून बघायची आणि सांगायची, "इतका वर नाही बाबा. थोडा खाली." तो ओल्या बोटानं टिपून घ्यायचा आणि पुन्हा काढायचा. डाव्या गालाकडून उजव्याकडे, नाकावरून, मग हनुवटीवर. मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर त्या लोण्याच्या गालांतून प्रेमलता निघून येत होती. मला ते पाहवेना आणि उठवेनाही.

"अजून हाय?" त्यानं विचारलं.

"एक. ओठाखाली. इथं मी पापा घेत होती."

त्यानं तो काढला. पोरगी फोटोकडे बघत राहिली. मग तिनं फोटोला हात लावला नाही, फक्त तोंड अगदी जवळ नेलं आणि म्हणाली, "आई."

तेरवीला मोहगावचे, पांढुर्ण्याचे सगळे आले. फोटोला झेंडूचा हार घातलेला होता. भाऊराव चपला काढून फोटोपुढे वाकले आणि तसेच थबकले. बाजूला येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "शालिक, हे काय करून ठेवलं? सारी जिंदगी लोकायचे वण पुसले तू, अन्‌ घरच्या लक्ष्मीचे काढून बसला? मेल्या माणसाचा फोटो कोणी असा बिघडवते का?"

शालिकराम म्हणाला, "दादा, हिचा फोटो मी आता कुठं काढला. पह्यल्यांदा."

भाऊराव पंगतीकडे गेले. लोक एकेक करून फूल वाहत होते. प्रतिभा फोटोच्या बाजूला बसून होती. कोणाचं फूल तोंडावर पडलं की ती उचलून खाली ठेवायची, गाल मोकळे करायची. थोड्या वेळानं तिनं बापाला हाक मारली.

"बाबा, हे पुसून तर नाही जाईन न?"

शालिकराम तिच्यासमोर खाली बसला. "नाही बेटा," तो म्हणाला. "आता मी काही नाही पुसत." आणि इतक्या दिवसांत कोणासमोर डोळ्यांतून पाणी न काढलेला तो माणूस भरल्या पंगतीसमोर पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. प्रतिभानं आईसारखेच दोन्ही तळहात त्याच्या डोक्याखाली धरले आणि तो रडायचा थांबेपर्यंत तसेच धरून ठेवले.